एका बाजूने घासलेल्या रेकॉर्डी

११ जानेवारी

दाजी, नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, आणि उचललात तरी "हं" आणि "बरं" यांच्या पुढे जात नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो. माझं अक्षर वाईट आहे. ताई म्हणायची, याच्या हातात दुसऱ्यांचे दात कसे सोपवतात लोक. कवळ्या बनवणाऱ्याला अक्षर लागत नाही, असं मी तिला सांगायचो.

ताईला जाऊन तीन महिने झाले. मी तेव्हा चार दिवस राहिलो होतो, पण एक विषय काढायचा राहून गेला. काढवलाच नाही. आता तुमच्या शेजारच्या वहिनींचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, भावजींनी कपाटं रिकामी करायला काढली आहेत, रोज काही ना काही बाहेर जातंय. म्हणून घाईने लिहितो.

दाजी, तिच्या रेकॉर्डी कोणाला देऊ नका. खिडकीजवळच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे. त्यातल्या पहिल्या काही आम्ही दोघांनी शाळा-कॉलेजात असताना जमवलेल्या आहेत. पुढच्या बऱ्याचशा मी शोधून तिला पाठवल्या. म्हणजे अर्ध्या माझ्या, असं म्हटलं तर वावगं होणार नाही. तुम्ही त्या कधी ऐकत नव्हता, हे मला माहीत आहे. तुमच्या घरी त्या नुसत्या उभ्या राहतील. माझ्याकडे वाजतील तरी.

राग मानू नका. खर्च माझा, माणूस पाठवतो.

तुमचा,
बारकू


१९ जानेवारी

प्रिय बारकू,

पत्र मिळालं. अक्षर लागलं.

कपडे दिले. तिच्या ऑफिसच्या दोघी आल्या होत्या, त्यांनी पिशव्या भरल्या. भांडी थोडी दिली. रेकॉर्डींना हात लावलेला नाही.

तू मागितल्यास त्यात चुकीचं काही नाही. तुझ्या आहेतच. मला त्यातलं कळत नाही हेही खरं आहे. पण एक विचारतो. देण्याआधी मी त्या एकेकदा ऐकल्या तर चालेल का? एक ऐकली की एक पाठवीन. इतकी वर्षं माझ्या घरात होत्या आणि मी एकही ऐकली नाही, हे आता बरं वाटत नाही.

कुठून सुरू करू ते कळव. कपाटात काही क्रम लावलेला दिसतो, पण तो मला समजत नाही. बस आगारात पंचवीस वर्षं वेळापत्रकं बनवणारी बाई, तिने उगीच लावला नसणार.

माणूस पाठवू नकोस. मी नीट बांधून पाठवतो.

दाजी


२७ जानेवारी

दाजी, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मला हसू आलं आणि मग नाही आलं. ऐका की. मी कोण नाही म्हणणारा?

क्रम तिचा असा आहे: ज्या बँडमधला माणूस फुटून दुसऱ्या बँडमध्ये गेला, तो बँड शेजारी. तो तिथून तिसरीकडे गेला, तर तो त्याच्या शेजारी. म्हणजे गाडी बदलत बदलत कपाटाच्या डावीकडून उजवीकडे जाता येतं. आगारातलीच बाई ती. तुम्ही त्या क्रमाने गेलात तर पहिल्याच आठवड्यात डोकं धराल, म्हणून मी सांगतो तसं जा.

या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. पन्नासेक वर्षांपूर्वी काही पोरांना वाटलं की तीन मिनिटांच्या गाण्यात आपलं भागत नाही. मग त्यांनी रेकॉर्डची अख्खी बाजू भरेल एवढं एकच गाणं करायला सुरुवात केली. त्यात गिटार, ऑर्गन, बासरी, मध्येच चर्चमध्ये असल्यासारखं काही, मध्येच कारखान्यात असल्यासारखं. गाणारा तोंड उघडेपर्यंत आपला चहा पिऊन होतो. शब्दांच्या मागे लागू नका. त्यांचा अर्थ त्यांनाही लागला नसेल.

बँडची नावं तुम्हाला सांगत नाही. आम्हाला लहानपणी ती वाचता यायची नाहीत, म्हणून आम्ही पाकिटावरच्या चित्रावरून नावं ठेवली, आणि तीच कायम राहिली. सुरुवात ‘तीन खिडक्या’पासून करा. करड्या भिंतीत तीन खिडक्या आहेत आणि मधल्या खिडकीत समुद्र आहे. सगळ्यांत सौम्य आहे ती. हातात काम घेऊ नका. भाजी निवडत ऐकलीत तर काही हाती लागणार नाही, भाजी सोडून.

बारकू


९ फेब्रुवारी

प्रिय बारकू,

‘तीन खिडक्या’ ऐकली. आधी जे झालं ते सांगतो.

सुई ठेवली आणि खालून घर्रर्र असा आवाज सुरू झाला. एकसारखा, जड. मी एकतीस वर्षं पंपगृहात काढली आहेत. असा आवाज आला की पहिलं मोटर बंद करायची, मग विचार करायचा. बेअरिंग गेलं असं समजून मी मशिन बंद केलं, उलटं केलं, पट्टा काढला, तेल दिलं. परत लावलं, परत तोच आवाज. पुन्हा उघडलं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी दुर्लक्ष करून पुढे जाऊ दिलं, तर थोड्या वेळाने त्या घर्रघर्रीवर कोणीतरी गिटार वाजवायला लागला. तेव्हा कळलं की बिघाड नव्हता, ते तसंच होतं.

मशिन आता फार सुरेख फिरतं आहे.

पुढे चांगलं वाटलं. एक जागा आहे. सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि एकटा पियानो राहतो. तिथे मला तुझी ताई दिसली. ती तिथे उजवा हात गुडघ्यावरून उचलून तसाच अधांतरी धरायची, आणि वाद्यं परत आली की खाली ठेवायची. तो हात कशासाठी ते मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं.

रेकॉर्ड दोन प्लायवूडच्या मध्ये घालून पाठवली आहे. चार कोपऱ्यांना फोम आहे. सोडवताना कात्री वापरू नकोस, गाठ सुटी आहे.

पुढची कुठली?

दाजी


२० फेब्रुवारी

दाजी, नमस्कार.

तुमचं बेअरिंगचं मी लॅबमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. आमचा प्लास्टरवाला हसता हसता एक साचा बिघडवून बसला. तो ऑर्गन आहे, दाजी. पायाने वाजवायच्या पट्ट्या असतात त्याला, त्याचा तो खर्ज. हा आवाज काढायला त्या माणसाने आयुष्य घातलं आणि तुम्ही त्याला तेल दिलंत.

पार्सल अगदी नीट पोचलं. एवढं बांधलेलं की माझ्या बायकोला वाटलं, आत काच आहे. अजून लावली नाही. माझं मशिन दुरुस्तीला दिलं आहे, आणि तिथला माणूस तुमच्यासारखा नाही. रोज "उद्या" म्हणतो.

आता ‘कासव’ घ्या. पाठीवर गाव असलेलं कासव. यात बासरी आहे, आणि मेलोट्रॉन नावाचं एक यंत्र आहे ते तुम्हाला आवडेल. दिसायला पेटीसारखं, पण आत प्रत्येक पट्टीखाली टेपची एक एक फीत. पट्टी दाबली की त्या फितीवर आधीच भरून ठेवलेलं व्हायोलिन वाजतं. फीत आठ सेकंदांची. संपायच्या आत बोट उचलायचं, नाहीतर आवाज गप्प. ती यंत्रं सारखी बिघडायची म्हणे. मोठमोठ्या कार्यक्रमांत ऐन वेळी रडायची.

‘कासव’ झालं की ‘जिना’. कुठेच न जाणारा जिना आहे चित्रात. ही मी तिला तिच्या लग्नानंतर पाठवली होती. पहिल्या बाजूला बारकीसारकी गाणी आहेत, पण खरी गंमत दुसऱ्या बाजूला. अख्खी बाजू एकच गाणं. ताईच्या प्रत्येक वाढदिवसाला आम्ही फोनवर त्या शेवटाबद्दल बोलायचो. या एका रेकॉर्डसाठी मी बाकीच्या सोडून देईन.

दोन गोष्टी विचारतो. ताई हात उचलायची हे मला माहीत नाही. आम्ही लहानपणी ऐकायचो तेव्हा ती अजिबात हलायची नाही. मी उड्या मारायचो, ती खांबासारखी बसायची. तुम्ही कधी पाहिलंत? ती तर हेडफोन लावून ऐकायची. आणि ‘तीन खिडक्या’च्या दुसऱ्या बाजूबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. ऐकलीत ना?

बारकू


६ मार्च

प्रिय बारकू,

विचारलंस म्हणून लिहितो.

मला कायम रात्रपाळी होती, तुला माहीत आहे. सकाळी येऊन जेवायचं आणि झोपायचं. ती संध्याकाळी साडेपाचला यायची. मला सहाला उठायचं असे. या मधल्या वेळात ती हातपाय धुऊन, खुर्ची खिडकीकडे करून, हेडफोन लावून बसायची. आपली खोली एकच, पलंगावरून ती खुर्ची सरळ दिसते. मला बहुतेक वेळा ती कुलूप उघडायची तेव्हाच जाग यायची. पण मी उठत नसे. तसाच पडून तिच्याकडे बघत असे. ऐकू काही यायचं नाही. नुसते हात दिसायचे. काही वेळा बोटं मोजत असल्यासारखी. पाच, पाच, मग सात, मग पुन्हा पाच. मला वाटायचं, डोक्यात अजून बसच्या फेऱ्या चालू आहेत. मग ती हेडफोन काढायची आणि मला उठवायला यायची, आणि मी डोळे चोळायचो.

‘कासव’ लावल्यावर ते पाच-पाच-सात आलं. ड्रमवाला तसंच वाजवतो. म्हणजे ते तिचं नव्हतं, त्याचं होतं. मला हे फार विचित्र वाटलं. दार उघडून ती आत येईल असं नाही वाटलं, पण कोणीतरी मला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगतंय असं झालं. मी ‘कासव’ची ती बाजू तीनदा ऐकली.

दुसरी बाजू दोन्ही रेकॉर्डींची ऐकली. चांगली आहे. मेलोट्रॉन ओळखता आला. पण तिथे ती दिसत नाही. का, ते माहीत नाही. त्यामुळे लिहिण्यासारखं काही नव्हतं.

‘कासव’ पाठवली आहे. ‘जिना’ थोडे दिवस जास्त ठेवतो, हरकत नसेल तर.

दाजी


१८ मार्च

दाजी,

मशिन आलं. काल दोन्ही रेकॉर्डी लावल्या.

‘तीन खिडक्या’ची पहिली बाजू करकरते. तव्यावर मोहरी तडतडावी तशी. म्हटलं, वय झालं. मग उलटली, तर दुसरी बाजू आरशासारखी. एक कण आवाज नाही. ‘कासव’ही तसंच. ‘जिना’सारख्याच याही मी एकदोनदा ऐकून तिला लग्नानंतर पाठवलेल्या. मग मी दोन्ही लॅबमध्ये नेल्या आणि भिंगाखाली धरल्या.

तुम्हाला माझं काम माहीत आहे. माणूस एका बाजूने चावत असेल तर मला त्याला विचारावं लागत नाही, कवळी सांगते. एक बाजू झिजून सपाट आणि दुसरी कालच बसवल्यासारखी. या रेकॉर्डी अगदी तशा आहेत. पहिल्या बाजूच्या खाचा पांढुरक्या झाल्यात, शेकडो वेळा सुई गेली आहे. दुसऱ्या बाजूवर, माझी पैज आहे, तुमच्याआधी एकदोनदाच कोणी सुई ठेवली असेल.

आता तुम्हीच लिहिलंय ते वाचा. साडेपाचला यायची, सहाला तुम्हाला उठवायची. रेकॉर्डची एक बाजू वीस-बावीस मिनिटं. दुसरी कधी ऐकणार? सुट्टीच्या दिवशी तुम्ही दोघं बाहेर. म्हणजे माझ्या बहिणीने आयुष्यभर सगळं अर्धं ऐकलं, का तर तुमची पाळी. ‘जिना’ची दुसरी बाजू बघा, दाजी. उजेडात तिरकी धरून बघा. तिथेही तसंच असेल, तर मी वर्षानुवर्षं फोनवर जे बोलत होतो ते तिने ऐकलेलंच नव्हतं. "हो रे, शेवट तर काय," म्हणायची. मला काय माहीत ती माझं मन राखत होती.

मी तुम्हाला दोष देतोय असं वाटेल. देतोही असेन. तुम्हाला त्या एकेक करून ऐकायच्या होत्या, मी हो म्हटलं. पण आता मला त्या सगळ्या हव्यात. ‘जिना’सकट. दुसऱ्या बाजूंना निदान इथे कोणी ऐकणारं असेल.

बारकू


२९ एप्रिल

दाजी,

सहा आठवडे तुमचं पत्र नाही. आणि आज दोन माणसांनी मिळून एक पेटी आणली. झाकण स्क्रूने बसवलेलं, आत प्रत्येक रेकॉर्ड वेगळ्या कागदात, मध्ये फळ्या. सगळ्या. ‘जिना’सुद्धा. मी चिठ्ठी शोधली. फळ्या काढून बघितलं, कागद उलगडून बघितले, बायको म्हणाली, पेटीचा तळ तेवढा उपटायचा राहिलाय. चिठ्ठी नव्हती.

मला हव्या होत्या, आल्या. तर मी पेटीसमोर जमिनीवर बसून राहिलो. जेवायला बोलावलं तरी उठलो नाही.

मग भिंग काढलं. म्हटलं, एवढं लिहिलंय तर पुरतं बघून तरी घे. दाजी, आमच्या लहानपणच्या दोन-तीन सोडल्या तर सगळ्या तशाच आहेत. ‘जिना’ही. एक बाजू झिजलेली, एक कोरी. पण बघता बघता माझ्या हातात ‘वाळूचं विमान’ आली. ही मी तिला पाठवली होती, चार वर्षांपूर्वी. मग ‘निळं अंगण’, तीही अलीकडची. तुम्ही निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. तेव्हा कसली पाळी? कोणाला सहाला उठवायचं होतं? आणि तरी त्याही तशाच. पहिली बाजू पांढुरकी, दुसरी चकचकीत.

म्हणजे मी चुकलो. दात एका बाजूने झिजलेत हे कवळी सांगते. का, ते नाही सांगत. त्या बाजूला दुखतं म्हणून असेल, किंवा त्या बाजूची चव आवडते म्हणून असेल. हे मी नव्या पोरांना शिकवतो आणि स्वतः विसरलो.

हे कळल्यावर एक आठवलं, ते तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, पण तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षी मी तिला म्हटलं होतं, आता दाजी दिवसा झोपत नाहीत, फेकून दे ते हेडफोन आणि स्पीकरवर मोठ्याने लाव. तर म्हणाली, "अरे, ते अजून दुपारचे आडवे होतात. आणि झोपलेले कुठे असतात? जागेच असतात, पडल्या पडल्या माझ्याकडे बघतात. पहिल्यापासून. मी हेडफोन काढले तर त्यांना वाटेल मला कळलं, आणि बघायचं बंद करतील." मी म्हटलं, मग पुढची बाजू तरी लाव, बघू देत अजून थोडा वेळ. म्हणाली, "छे, एवढा वेळ सोंग घेऊन अंग आखडतं रे त्यांचं. एक बाजू पुरे. मग उठवते."

आम्ही हसलो आणि दुसऱ्या विषयावर गेलो. तुम्ही मार्चच्या पत्रात डोळे चोळण्याचं लिहिलंत तेव्हासुद्धा मला हे आठवलं नाही, एवढा मी दुसऱ्या बाजूंच्या मागे लागलो होतो.

राहिला ‘जिना’चा शेवट. तिने तो ऐकला नव्हता, तरी वर्षातून एकदा मला अर्धा तास त्यावर बोलू द्यायची. मधूनमधून विचारायची, "मग ऑर्गन परत कधी येतो?" मला वाटायचं, परीक्षा घेतेय. ती माझ्याकडून ऐकत होती. आता वाटतं, रेकॉर्डवर ऐकला असता तर मला विचारलं नसतं. तिने तो माझ्याकडून ऐकला, हेच मला जास्त आवडलं.

पेटी परत पाठवतोय. तुमच्यासारखी बांधता येणार नाही, त्यामुळे स्क्रू तुमचेच वापरतोय. त्या तुमच्या घरात नुसत्या उभ्या राहिल्या तरी चालतील. मी अर्ध्या माझ्या म्हटलं होतं, ते मागे घेतो. ‘जिना’ही पाठवतोय.

रेकॉर्ड पाठवू नका. दोन ओळी पाठवा.

बारकू


२१ मे

प्रिय बारकू,

पेटी आली. एका फळीला चीर गेली आहे, रेकॉर्डी ठीक आहेत. तिच्या क्रमाने परत लावल्या. आता तो क्रम मला थोडा समजतो. ‘कासव’मधला बासरीवाला ‘वाळूचं विमान’मध्ये गेला असावा. तीच फुंकर आहे.

चिठ्ठी लिहायला बसलो होतो. "तुझं बरोबर आहे," एवढंच लिहून झालं. तेवढ्यासाठी कागद कशाला, म्हणून ठेवून दिला. त्या दिवसांत मी दुसरं काही करत नव्हतो. मी जागा होतो आणि ती मला उठवण्यासाठी ऐकणं थांबवत होती, हे डोक्यातून जात नव्हतं. मी नुसतं कूस बदलून "लाव अजून एक बाजू" म्हटलं असतं, तरी चाललं असतं. एकतीस वर्षं पाणी वेळेवर सोडलं, पण हे एक वाक्य वेळेवर म्हणता आलं नाही. रेकॉर्डी घरात असल्या की ते वाक्य ऐकू यायचं, म्हणून दिल्या.

तुझं पत्र वाचून दोन दिवस एक विचार केला. तिने हे खरंच म्हटलं, की मला बरं वाटावं म्हणून तू रचलंस? मग विचार सोडला. तुला रचता येत नाही. येत असतं तर मार्चमधलं पत्र तू तसं लिहिलं नसतंस. शिवाय "अंग आखडतं" हे तिचंच आहे. माझं खरंच आखडायचं.

तिला माहीत होतं, यावर मी अजून नीट विचार केलेला नाही. करीन. घाई नाही. एक गोष्ट लक्षात आली. सिनेमालाही मध्यंतरानंतर तिला झोप यायची. पुस्तक अर्धं वाचून उलटं ठेवायची आणि विचारलं तर म्हणायची, छान चाललंय. मी तेव्हा हसत असे.

आता मी संध्याकाळी रोज एक दुसरी बाजू लावतो. स्पीकरवर. शेजारच्या वहिनी पहिल्या दिवशी विचारायला आल्या, काही पडलं का म्हणून. आता येत नाहीत. तिथे ती दिसत नाही, तसं मी लिहिलं होतं. अजूनही दिसत नाही. पण आता ते रिकामं वाटत नाही. तू फोनवर तिला सांगायचास तसं काहीतरी चालू असतं. ‘जिना’चा शेवट काल तिसऱ्यांदा ऐकला. ऑर्गन परत येतो ती जागा चांगली आहे. तुझं बरोबर होतं.

आता एक सांगतो. गेल्या आठवड्यात मी बाजारामागच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेलो होतो. रेडिओ, पंखे, शिवणयंत्रं आणि एका कोपऱ्यात रेकॉर्डी. दुकानदार तरुण आहे, केस बांधतो. त्याने विचारलं, "कोणासाठी बघताय, काका?"

म्हटलं, "मलाच हवी आहे."

"काय ऐकता?"

"लांबलचक."

"म्हणजे?"

"सुरुवातीला बिघडल्यासारखं वाटतं, असं."

तो हसला आणि म्हणाला, "काका, तुम्हाला प्रोग लागलंय." दुखण्याचं नाव सांगावं तसं. मग त्याने एक एक काढून दाखवायला सुरुवात केली. मी नावं वाचली नाहीत. एकीवर पाण्याची टाकी होती. उंच खांबांवरची, आणि टाकीच्या कडेवरून झाडं वर आलेली. चित्रकाराने ओव्हरफ्लोचा पाइप काढलेला नाही. अशी टाकी पहिल्या पावसाळ्यात फुटेल. तरी घेतली.

घरी आणून दोन्ही बाजू एका बैठकीत ऐकल्या. ही तुझ्या ताईची नाही आणि तू पाठवलेलीही नाही. तिने यात कुठे हात उचलला असता, ते मला माहीत नाही. दोन ठिकाणी वाटलं की इथे असेल. नंतर वाटलं, नसेलही. हे मला त्रासदायक होईल असं वाटलं होतं. झालं नाही.

दुसऱ्या बाजूला मध्यावर सगळं थांबतं आणि कोणीतरी फक्त घंटी वाजवतो, फार वेळ. मला ते कळलं नाही. तुला कळेल. म्हणून ‘टाकी’ या पार्सलात तुला पाठवतो आहे. तिच्या रेकॉर्डी इथेच राहू देत, तू म्हणतोस तसं. ही मात्र माझी आहे, आणि माझ्यातली अर्धी तुला द्यायला मला कोणाला विचारावं लागत नाही.

ऐकून झाली की पोस्टाने पाठवू नकोस. तुला बांधता येत नाही. घेऊन ये. खोली एकच आहे, पण खुर्ची पलंगाकडे वळवली की दोन माणसं बसतात. तुझी बायको आली तर वहिनींकडे गादी मिळेल.

पुढची म्हणून तो दुकानदार तीन रेकॉर्डींचा एक संच माझ्या गळ्यात मारतो आहे. एकदा बघून आलो. पाकीट फार मोठं आहे आणि चित्र मला पटलेलं नाही. त्याला सांगून ठेवलं आहे, माझा मेहुणा येईल, तो म्हणेल तर घेईन.

दाजी